उशिरा पोचणारी लाट

सरांचा मला राग कधी आला नाही. राग यायला समोरच्या माणसाबद्दल थोडा तरी आदर शिल्लक असावा लागतो. सरांबद्दल मला जे वाटायचं त्याला साध्या मराठीत तिरस्कार म्हणतात, आणि पहिलं वर्ष सोडलं तर तो लपवायची तसदी मी फारशी घेतली नाही. लपवला नाही तरी त्यांना तो दिसला नसता. आपल्याकडे कुणी खालून वर न बघता सरळ बघेल, ही कल्पनाच त्यांना नव्हती.

ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत भूकंपलहरींवर काम करायचे. विभागात मी एकटी बाई. मूळची केळव्याजवळच्या माहीमची. वडिलांची तिथे पानवेलींची वाडी. माहीमच्या मुलीने प्राणिशास्त्र घ्यावं, मास्तरीण व्हावं, हे लोकांना पटण्यासारखं होतं. जमिनीच्या पोटात काय आहे ते बघायला मुलगी मुंबईला जाते म्हटल्यावर गावात सगळे वडिलांना विचारायचे, पाणी दाखवते का म्हणून. वडील कंटाळून ‘हो’ म्हणायचे.

काम सांगायला सोपं होतं. दूर कुठे, इंडोनेशियाच्या बेटांत किंवा जपानकडे, मोठा भूकंप झाला की त्याच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून प्रवास करत आपल्या पायाखाली येतात. आपल्याला कळत नाही, यंत्राला कळतं. खडक थंड आणि टणक असेल तर लाट जोरात पळते. ऊन आणि मऊ असेल तर रेंगाळते. आता, जी खंडं फार जुनी, त्यांच्या खालचं प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडक, शेकडो किलोमीटर खोलवर थंड आणि घट्ट असतं. आम्ही त्याला खंडाचं मूळ म्हणायचो. या मुळातून वर येणारी लाट हिशेबापेक्षा जराशी लवकर पोचते. मूळ झिजलं असेल, खालून ऊन खडक वर सरकला असेल, तर ती जराशी उशिरा पोचते. फरक एखाद्या सेकंदाचा, कधी त्याहून कमी. पण तेवढा नीट मोजता आला, तर जिथे कधी कुणी जाणार नाही तिथली खबर लागते. मला या कामाचं वेड होतं. आमच्या सरांना या कामातल्या खुर्चीचं होतं.

सर विभागाचे प्रमुख. काही वर्षं परदेशात राहून आलेले, आणि ते परत आल्याचं अजून कुणाला कळलं नसेल अशा काळजीने दर वाक्यात तिथली आठवण काढणारे. दक्षिणेच्या पठाराखालचं जुनं, थंड मूळ थेट कोकणच्या किनाऱ्यापर्यंत अखंड पसरलेलं आहे, वर लाव्हाचे थर असले तरी खाली सगळं शाबूत आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. त्याला पुरावा म्हणजे सरांनी तो मांडला होता. ‘आपला किनारा कोट्यवधी वर्षं हललेला नाही’ हे वाक्य त्यांनी इतक्या सभांमध्ये म्हटलं होतं, की मोठमोठ्या समित्यांवर त्यांना बोलावणी यायची. जमीन पक्की आहे असं सांगणारा शास्त्रज्ञ सगळ्यांनाच हवा असतो.

मग कुणीतरी वरून विचारलं, की किनाऱ्यावर मोजणी केली आहे का? केली नव्हती. म्हणून केंद्र उभारायचं ठरलं, आणि मी तिकडची म्हणून काम माझ्याकडे आलं.

जागा सरांनी निवडली. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतलं एक विश्रामगृह. भूकंपमापक ठेवायला याहून वाईट जागा शोधायची म्हटलं असतं तर मला महिना लागला असता. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला तिन्ही पाळ्यांत पत्र्याचे डबे ठोकणारा कारखाना, समोरच्या रस्त्यावर दिवसभर ट्रक. पण विश्रामगृहात वातानुकूलित खोली होती, आणि खानसामा पापलेट चांगलं करायचा. सरांनी पाहणीच्या दिवशी पापलेट खाल्लं, तळघरात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “एक्सलंट.”

मी म्हटलं, “सर, इथे आवाज फार आहे. मनोरच्या पलीकडे डोंगरात उघडा कातळ आहे. तिथे ना रेल्वे, ना कारखाना.”

“तिथे तुम्ही राहणार कुठे?”

“मनोरला खोली घेईन.”

“आणि मी?” सर म्हणाले.

ते गंमत करत नव्हते.

बोईसरचं यंत्र सुरू झालं. फिरत्या नळकांड्यावर कागद, कागदावर शाईची रेघ. त्या रेघेत भूकंप दिसायचे नाहीत. शेजारच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी कधी होते ते मात्र स्पष्ट दिसायचं. सहा महिन्यांचे कागद मी सरांच्या टेबलावर पसरले. त्यांनी चष्मा वर केला, एका ठिकाणी बोट ठेवलं आणि विचारलं, “हे बघा, हे केवढं सुंदर आलंय! कुठला भूकंप?”

“विरमगाम पॅसेंजर, सर,” मी म्हटलं.

विभागातले बाकीचे तिघेचौघे टेबलाभोवती उभे होते. त्यांतल्या एकानेही मान वर केली नाही. सर काय म्हणतात त्यावर आपलं काय मत आहे ते ठरवणारी ती माणसं. सर बघत असेपर्यंत तेही त्या पॅसेंजरकडे कौतुकाने बघत राहिले.

शेवटी मला डोंगरावर दुसरं यंत्र ठेवायची परवानगी मिळाली. परवानगी म्हणजे सर नको म्हणायला विसरले. यंत्र जुनं होतं, बॅटरीवर चालणारं, नोंद टेपवर करणारं. टेप आठवडाभर पुरायची, मग ती मुंबईला नेऊन वाचायची. मी मनोरला खोली घेतली. एसटीने फाट्यापर्यंत आणि पुढे चढणीची वाट. पाड्याच्या वरच्या अंगाला एका वारली जोडप्याच्या नाचणीच्या शेताशेजारी काळा कातळ उघडा पडला होता. तिथे खड्डा खणून यंत्र बसवायचं होतं.

घरची बाई पन्नाशीच्या आसपासची, उंच, आवाज खणखणीत. मी तिला मावशी म्हणायचे. पहिल्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“मोजाय आली काय जमीन?”

“नाही मावशी. जमिनीच्या खाली काय आहे ते बघायचंय.”

“तारापूरला पन असंच बघाय आलेले आधी. मंग गावंच उठली. हितं पन तसलंच काय बांधनार हाय काय?”

“नाही. फक्त एक पेटी ठेवायची. वर्षभराने घेऊन जाईन.”

तिने माझ्या चपलांकडे, मग खांद्यावरच्या झोळीकडे बघितलं. एवढ्याशा झोळीतून कुणी जमीन घेऊन जाईल असं तिला वाटलं नसावं. “ठेव मंग,” म्हणाली. “पन मी ईचारल तवा सांगायचं, काय दिसलं ते.”

ती खरोखरच विचारायची. दर आठवड्याला टेप बदलायला गेले की पहिला प्रश्न तोच. मी सांगायचे, दूर समुद्रापलीकडे जमीन हलली, तिचा धक्का इथपर्यंत आला. “आमाला कसं नाय कळलं?” ती विचारायची. मी तिला जमेल तसं सांगायचे. तिला सगळं कळायचं असं नाही, आणि कळलं नाही की ती सरळ म्हणायची, “ह्ये नाय समजलं.” हे वाक्य मी आमच्या विभागात कधीही ऐकलं नव्हतं.

सर डोंगरावर एकदाच आले. बरोबर दिल्लीचे एक पाहुणे होते, त्यांना ‘फील्ड’ दाखवायचं होतं. जीप फाट्यापर्यंत आली, पुढे चालावं लागलं, आणि सरांनी वाटेत तीनदा मला विचारलं की अजून किती. कातळाशी पोचल्यावर मात्र त्यांना जोर आला. मावशी आणि तिचा नवरा बाजूला उभे होते. सर शुद्ध मराठी घरातले, पण त्यांनी त्या दोघांना हिंदीत भाषण दिलं. “ये भूमि बहुत प्राचीन है. करोडों साल पुरानी. आप लोगों को गर्व होना चाहिए.”

मावशी माझ्याकडे वळली. “काय बोलला गं ह्यो?”

“म्हणाले, ही जमीन खूप जुनी आहे.”

“जुनी हाय तं आमचीच हाय,” मावशी म्हणाली. “जंगलखात्यावाल्याला सांग म्हनावं येकदा. तो रोज येतो, सरकारची हाय म्हनतो.”

पाहुण्यांनी विचारलं, ती काय म्हणते. सरांनी हसून सांगितलं, “शी इज व्हेरी हॅपी.”

 मावशीने उतरताना त्यांच्या पाठीकडे बघून एवढंच म्हटलं, “घाम लय येतो गं तुज्या सायबाला. खायाला बरं दिसतंय.”

डोंगरावरच्या टेपा मी मुंबईत वाचू लागले, आणि एकामागून एक भूकंप तेच सांगायला लागला. लाट उशिरा येत होती. दक्षिणेच्या पठारावरच्या केंद्रांत हिशेबाच्या आधी पोचणारी तीच लाट आमच्या डोंगरावर हिशेबानंतर पोचत होती. एकदा नाही, दर वेळी. पूर्वेकडून आलेली असो की उत्तरेकडून, आमच्या खाली येऊन ती रेंगाळत होती. वरच्या लाव्हाला दोष द्यावा तर तो थर इतका पातळ की त्याने एवढा फरक पडलाच नसता. म्हणजे जुनं थंड मूळ किनाऱ्यापर्यंत शाबूत नव्हतं. कधीकाळी त्याला खालून भाजून काढलं गेलं होतं, आणि ते अजून पुरतं निवलेलं नव्हतं. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि कितीतरी वेळ बाहेर बघत होते. आमच्या माहीमच्या पानवेलींच्या कितीतरी खाली असं काही आहे आणि ते आत्ता या घटकेला फक्त मला माहीत आहे, या विचाराने मला हसू येत होतं.

मी आकडे घेऊन सरांकडे गेले. त्यांनी ते पाहिले आणि क्षणभरही न थांबता म्हणाले, “तुमचं घड्याळ मागे पडतंय.”

इथे थोडं सांगायला हवं. लाट किती वाजता आली हे यंत्रातलं घड्याळ ठरवतं, आणि ते घड्याळ आम्ही रेडिओवरून येणाऱ्या वेळेच्या ठोक्यांशी ताडून बघायचो. ते मी काटेकोर करत होते. पण तो मुद्दा बाजूलाच राहू दे.

मी म्हटलं, “सर, घड्याळ मागे असतं तर लाट लवकर आलेली दिसली असती.”

 हा हिशेब शाळेतल्या पोराला पानाच्या कडेला करता येईल. घड्याळ मागे असेल तर आलेल्या माणसाची वेळ ते कमी दाखवणार. सर भूकंपलहरींच्या विभागाचे प्रमुख होते. त्यांचे डोळे टेबलावरून भिंतीकडे, भिंतीवरून पंख्याकडे गेले.

“मग पुढे असेल,” ते म्हणाले.

त्या दिवशी माझ्या मनातला सरांविषयीचा उरलासुरला धाक गेला. मी त्यांना मूर्ख समजत होतेच, पण मूर्ख आणि निर्लज्ज यांत मी तोवर फरक करत होते.

घड्याळ खराब असल्याची टीप त्यांनी विभागात फिरवली. सहकारी मला जिन्यात भेटून हळूच म्हणायचे, “तुमचं बरोबर आहे हो.” वर मजल्यावर पोचले की त्यांना तेच बरोबर आठवत नसे. एकाने तर मला समजावलं, की घड्याळ पुढे आहे असं मान्य केलं तर सगळ्यांचाच मान राहतो. घड्याळाला मान नसतो, हे त्याने गृहीत धरलं होतं.

सरांना खोटं पाडलं ते दिवाळीने.

बोईसरचे कागद रोज बदलावे लागत. ते काम करणारा आमचा मदतनीस दिवाळीला गावी जायचा होता. मी माहीमला घरी जाणारच होते, म्हणून म्हटलं, चार दिवस मी बघते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पालघरहून बोईसरला गेले. वसाहतीत चिटपाखरू नव्हतं. कारखाने बंद, डबे ठोकणारा कारखाना बंद, ट्रक नाहीत. कामगार आपापल्या गावी गेलेले. विश्रामगृहाचा खानसामासुद्धा नव्हता. मी स्वतः तळघराचं कुलूप काढलं.

कागद पाहिला आणि मी तिथल्या स्टुलावर बसले. गाड्यांचे फराटे सोडले तर रेघ सरळ, स्वच्छ, केसासारखी. बोईसरला अशी रेघ मी कधीच पाहिली नव्हती. आणि पहाटेच्या आधी, दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत, एक भूकंप. मोठा, दूरचा, सुरुवात इतकी धारदार की भिंगाचीही गरज पडू नये. नंतर कळलं, इंडोनेशियाकडचा. मी भिंग काढलंच. वेळ वाचली. मग वहीत हिशेब केला, परत केला.

लाट उशिरा आली होती. डोंगरावर यायची तेवढीच उशिरा.

आणि हे बोईसर होतं, सरांनी निवडलेलं. आतलं घड्याळ सरांनी स्वतः परदेशातून आणलेलं, ज्याची तारीफ ते येणाऱ्याजाणाऱ्याजवळ करायचे. मी कागद गुंडाळला, छातीशी धरला आणि रिकाम्या वसाहतीतून स्टेशनकडे चालत गेले. एका बंद गेटवरच्या पहारेकऱ्याने विचारलं, “मॅडम, आज भी ड्यूटी?” मी त्याला दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या, बहुधा फार मोठ्याने. तो दचकला.

दुसऱ्याच आठवड्यात डोंगरावरची टेप वाचून झाली. तोच भूकंप, तोच उशीर. दोन्ही नोंदी मी सरांसमोर शेजारी शेजारी ठेवल्या.

सरांनी चष्मा वर करून दोन्ही नोंदी पाहिल्या. मग म्हणाले, “दिवाळीत सगळीकडे रोषणाई असते. व्होल्टेज खाली जातं. घड्याळावर परिणाम होणारच.”

“घड्याळ बॅटरीवर चालतं, सर. तुम्हीच आणलंय.”

“कागद ठेवून जा,” सर म्हणाले.

मी प्रती काढून ठेवल्या होत्या. इतकी अक्कल मला एव्हाना आली होती.

पुढे वर्षभराने दक्षिणेतल्या एका शहरात परिषद होती. सरांचं व्याख्यान शेवटच्या दिवशी. पडद्यावर पहिलं चित्र आलं ते माझं होतं: डोंगरावरची आणि बोईसरची रेघ, एकाखाली एक. सर म्हणाले, “किनाऱ्याखालचं मूळ झिजलेलं असावं, अशी मला पूर्वीपासूनच शंका होती.” समोर तीनेकशे माणसं बसली होती. त्यांतल्या निम्म्यांनी तरी याच माणसाच्या तोंडून अखंड, शाबूत मुळाची भाषणं ऐकली असतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी या ‘धाडसी पुनर्विचारा’चं कौतुक केलं. प्रश्न आहेत का, असं विचारलं. मी उभी राहिले.

“या नोंदींमधलं घड्याळ खराब आहे, अशी टीप आपण विभागात फिरवली होती. ते कधी दुरुस्त झालं?”

सभागृहात खुर्च्या करकरल्या. सरांनी माझ्याकडे अगदी प्रेमाने पाहिलं. “आमच्या या तरुण सहकारी,” ते म्हणाले, “कष्टाळू आहेत आणि विनोदीही.” लोक हसले. मोकळेपणाने, सुटका झाल्यासारखे हसले. मी बसले नाही, तशीच दरवाज्यातून बाहेर पडले. बाहेर चहाचं टेबल मांडलेलं होतं, वाढपी बशा लावत होता. मी चहा मागून घेतला आणि दोन बिस्किटं खाल्ली. अपमान झाल्यावर भूक लागते हे मला तोवर माहीत नव्हतं. आतून दुसऱ्यांदा टाळ्या ऐकू आल्या तेव्हा मला वाटलं, ही तीनशे माणसं रोज लाटांची वेळ वाचतात, पण समोरच्या माणसाने कालचं वाक्य आज उलटं केलं तर ते त्यांना वाचता येत नाही. किंवा येतं, आणि वाचायचं नसतं. मला हे दुसरं खरं वाटतं.

महिन्याभरात डोंगरावरचं केंद्र बंद झालं. ‘उद्दिष्ट साध्य झाल्याने’ असं कारण होतं. यंत्र आणायला गेले तेव्हा मावशी भात झोडत होती.

“काय दिसलं मंग शेवटाला?” तिने विचारलं.

“खाली खोल जमीन ऊन आहे, मावशी. पूर्वी फार तापली होती. अजून निवली नाही.”

“वंगाळ हाय काय?”

“नाही. तुला मला काही होत नाही त्याने.”

“सायब काय बोलला?”

“म्हणाला, त्याला आधीच माहीत होतं.”

मावशी झोडायची थांबली. माझ्याकडे बघितलं, आणि शेजारच्या शेतातली माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने हसली. मग तिने मला ताक दिलं आणि बॅटऱ्या उतरवायला नवऱ्याला हाक मारली.

मी संस्था सोडली. मला काढलं नाही. मला ग्रंथालयाच्या कामाला लावलं, आणि मी राजीनामा दिला. पालघरच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला लागले. वडिलांना आनंद झाला. मुलगी शेवटी मास्तरीण झाली होती, आणि पाण्याबद्दल खोटं बोलायची त्यांची जबाबदारी संपली होती.

नव्वदच्या दशकात, सर निवृत्त झाल्यावर, आमच्या प्राचार्यांनी त्यांना विज्ञान मंडळाच्या उद्घाटनाला बोलावलं. मी त्यांच्या हाताखाली काम केलं होतं म्हणून परिचय मी करून द्यायचा होता. मी त्यांच्या पदांची नावं वाचली आणि बसले. सर बोलायला उभे राहिले, केस पांढरे झाले होते, आवाज तसाच. त्यांनी मुलांना डोंगरावरच्या यंत्राची गोष्ट सांगितली. लाट उशिरा आली तेव्हा आपण खिडकीशी जाऊन कसे उभे राहिलो, पायाखाली काय आहे ते जगात फक्त आपल्याला माहीत आहे या जाणिवेने आपल्याला कसं हसू आलं, ते सांगितलं.

मी हे विभागात एकदा, चहा पिताना, कुणाला तरी सांगितलं होतं.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ते आठवत होतं. ती खिडकी, ते हसू, सगळं त्यांच्या आयुष्यात घडलेलं होतं, डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. इतकी वर्षं मी त्यांना चोर समजत होते. चोराला निदान माल दुसऱ्याचा आहे हे ठाऊक असतं.

कार्यक्रमानंतर प्राचार्यांनी त्यांना स्टेशनवर सोडायला मला पाठवलं. गाडीला वेळ होता. फलाटावरच्या बाकावर बसून सरांनी विचारलं, “हल्ली संशोधन वगैरे?”

“नाही. शिकवते.”

“चांगलं आहे,” ते म्हणाले. “बायकांना शिकवणं शोभतं. आमच्या कामात फार वणवण. त्या डोंगरावर चढून चढून माझे गुडघे गेले बघा.”

मी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. गाडी आली. त्यांची पिशवी मी आत चढवून दिली, कारण त्यांना ती उचलता येत नव्हती. त्यांनी खिडकीतून हात हलवला. मी हलवला नाही. फलाटावर मच्छीवाल्या पाट्या उतरवत होत्या, त्यांच्यातून वाट काढत मी बाहेर आले आणि माहीमची एसटी पकडली.